अजगराच्या पेटीला किती वॅटचा बल्ब?

पत्राचा सारांश: नागपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय 29, शाळेत शिक्षिका. घरी आई-बाबा आणि आजी. धाकट्या भावाने 2023 मध्ये हौसेने बॉल पायथन जातीचा परदेशी अजगर विकत आणला. पुढे नोकरी लागली, भाऊ बंगळुरूला गेला आणि अजगर ताईंच्या गळ्यात पडला. पेटी म्हणजे माशांची जुनी काचेची टाकी, दोन फूट बाय एक फूट. आत होल्डरला लोंबकळणारा 60 वॅटचा बल्ब दिवसरात्र चालू, तळाला कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि पाण्याचं एक भांडं. गारठा पडल्यापासून अजगर बल्बखालून हलत नाही, कधी बल्बलाच वेटोळं घालून बसतो. पोटाचे दोन-तीन खवले तांबूस दिसतात, मागची कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली आणि पाच आठवडे त्याने उंदराला तोंड लावलेलं नाही. भाऊ फोनवरून सांगतो, "ऊब कमी पडतेय, शंभरचा बल्ब लाव, नाहीतर दुपारी टाकी गॅलरीत उन्हात ठेव." आजी म्हणते, "पाण्याच्या भांड्यावर लाईटाची वायर, एक दिवस घर पेटेल. गोरेवाड्याच्या जंगलाकडे सोडून ये त्याला." ताई विचारतात: शंभरचा बल्ब पुरेल की त्याहून मोठा लागेल? आणि जुन्या विचारांच्या आजीची समजूत कशी काढायची?

उत्तर:

ताई, आधी आजीचं घेतो, कारण तुमच्या घरात या विषयावर सगळ्यात शहाणं वाक्य त्याच बोलल्या आहेत. काचेच्या टाकीत उघडा होल्डर, खाली पाणी, आत फिरणारा अंगात ताकद असलेला प्राणी आणि जवळ वाळलेलं कोकोपीट. वायर ओढली गेली, बल्ब कोकोपीटवर पडला तर काय होईल ते सांगायला विजेचा अभियंता लागत नाही. समजूत आजींची काढायची नाही, वायरिंग बदलायचं आहे. त्यांचा दुसरा सल्ला मात्र ऐकू नका. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता बल्ब. शंभरचा नको, साठचाही नको. टाकीच्या आत अजगराचं अंग टेकेल असा कुठलाच बल्ब नको. तो आज रात्रीच काढा.

तुम्ही आणि भावाने एक गोष्ट गृहीत धरली आहे: अजगर बल्बला चिकटतो म्हणजे त्याला आणखी ऊब हवी. खरं तर बाकीची सगळी टाकी गार पडली आहे आणि ऊब फक्त त्या काचेच्या गोळ्यापाशी आहे, म्हणून तो तिथे जातो. सापाला शरीराची उष्णता आपल्यासारखी आतून तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. अंग आतून थंड असेल तर कातडी भाजली तरी तो तिथून हलत नाही. पाळलेल्या सापांच्या पोटाला भाजण्याचे प्रकार बहुतेक असेच होतात. बाजारात मिळणारे तापणारे दगड याच कारणासाठी बाद समजा. तुम्ही लिहिलेले तांबूस खवले मला भाजल्यासारखेच वाटतात. भाजल्याची खूण कधी कधी काही दिवसांनी उमटते, फोड नंतर येतात. हळद, टूथपेस्ट, बोरोलीन काहीही लावू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे फोन करून, वेळ घेऊन दाखवा. तोवर कोकोपीट काढून साधं वर्तमानपत्र अंथरा, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत.

बल्ब काढला तर आज रात्री काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. टाकी खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत न्या. तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोलच्या शीट लावा, वरच्या जाळीचा अर्धा भाग जाड कापडाने झाका. गरम पाण्याच्या एक-दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा. कोरडी टाकी असेल तर विसाच्या आसपासच्या दोन-चार रात्री अजगर काढतो. गारठा आणि ओल दोन्ही एकत्र आले की मात्र त्याची छाती भरते. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे दिसताहेत, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर डॉक्टरकडे न्यायला थांबू नका.

एवढी तात्पुरती सोय झाली की पेटीचा नीट विचार करा. तुमच्या अजगराला अमुक एक तापमान नको आहे, निवड हवी आहे. थंडीत अंगणात उन्हात बसलेला माणूस पाठ तापली की खुर्ची सावलीत सरकवतो; त्यालाही तसंच सरकता आलं पाहिजे. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसा उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात दडून बसणारा. त्याच्या पेटीची एक बाजू 31 ते 33 अंश आणि दुसरी 25 ते 27 अंश असावी. रात्री गार बाजू थोडी उतरली तरी 24 च्या खाली जाऊ देऊ नका. दोन फुटांच्या टाकीत हा फरक टिकतच नाही, सगळी एकतर तापते नाहीतर सगळी थंड होते. मोठ्या अजगरासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी हवी. काचेची विकत घेण्यापेक्षा सुताराकडून चांगल्या वॉटरप्रूफ प्लायची करून घ्या, पुढे सरकत्या काचा आणि त्यांना कुलूप. लाकडी पेटीत ऊब आणि दमटपणा दोन्ही टिकतात, जाळीच्या झाकणाच्या काचेच्या टाकीत दोन्ही उडून जातात. वार्निशचा वास पूर्ण गेल्याशिवाय अजगर आत ठेवू नका. हवेसाठी एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर भोकं ठेवायला सांगा. सुतार ती हमखास विसरतात.

ऊब कशाने द्यायची याला दोन बरे मार्ग आहेत. एक, हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई: ती पेटीच्या बाहेरून लावायची आणि तळाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भागाला नाही. वर कोकोपीटचा जाड थर असला तर उष्णता खाली कोंडते आणि खालचा पृष्ठभाग वाजवीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, त्यामुळे मॅटच्या जागी थर पातळ ठेवा. प्लाय जाड असेल तर मॅटची ऊब आत पोहोचतच नाही. तुमच्या चार फुटी लाकडी पेटीला म्हणून दुसरा मार्ग सोयीचा: छताला लावायचा सिरॅमिक हीटर. यातून उजेड येत नाही, हे महत्त्वाचं, कारण तुमचा पाहुणा निशाचर आहे आणि तो 60 वॅटचा दिवा गेले काही महिने त्याच्या डोळ्यांवर चोवीस तास जळतोय. सिरॅमिक हीटरला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो. भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा हवाच, बोट जाणार नाही इतक्या बारीक जाळीचा आणि हीटरपासून पुरेसा लांब, नाहीतर अजगर त्याच्यावर चढून बसेल.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारं यंत्र. तो नसेल तर यातलं काहीही लावू नका, हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगतो. अंडी उबवण्याच्या यंत्राला असतो तसा साधा डिजिटल थर्मोस्टॅट मॅटला आणि सिरॅमिकला चालतो. थर्मोस्टॅट आणला की लोक निर्धास्त होतात, आणि नेमकं तिथेच फसतात. त्याला एक बारीक वायर असते, टोकाला तापमान मोजणारा मणी. तो मणी जिथे असेल तिथलंच तापमान यंत्राला कळतं. अजगराने रात्री वायर ढोसली आणि मणी पाण्याच्या भांड्यात जाऊन पडला की यंत्राला पेटी थंडगार वाटते आणि ते हीटर चालूच ठेवतं. सकाळपर्यंत तापत्या बाजूचं काय झालेलं असेल याचा विचार करा. म्हणून मणी क्लिप आणि स्क्रूने पक्का बसवा. चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेही लावू नका. सुटलेली पट्टी खवल्यांना चिकटते आणि ओढली की खवल्यांसकट निघते. दुसरं, थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा भाग, कधीकधी चालू अवस्थेत अडकतो. तेव्हा हीटर गरजेपुरत्या वॅटचाच घ्या, म्हणजे तो पूर्ण वेळ चालू राहिला तरी पेटीची भट्टी होणार नाही. "मोठा घेऊन ठेवू, थर्मोस्टॅट आहेच की" हा हिशोब उलटा आहे. तिसरं, दोन्ही टोकांना एकेक स्वतंत्र थर्मामीटर ठेवा, दिवसाचं कमाल-किमान दाखवणारा. सगळं जोडल्यावर दोन-तीन दिवस पेटी रिकामीच चालवा, आकडे लिहून ठेवा, मग अजगर आत सोडा.

वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्या वेळी आजींना शेजारी बसवा. तीन पिनांचा अर्थिंग असलेला सॉकेट, पेटीपेक्षा उंचावर. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झुकलेली हवी, म्हणजे पाणी ओघळलं तर ते सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर पडलेला नको. आणि घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी जास्त भाराला आणि शॉर्ट सर्किटला तुटतो, माणसाला शॉक बसताना वाचवतो तो आरसीसीबी. नसेल तर बसवून घ्या, अजगर असो नसो.

आत काय ठेवायचं, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, आणि माझ्या मते अजगराच्या न खाण्याचं एक मोठं कारण तिथेच आहे. बिळात राहणारा हा प्राणी. तुम्ही त्याला चहूबाजूंनी काच असलेल्या रिकाम्या खोलीत उघडा ठेवलाय. लपायच्या दोन जागा हव्यात, एक ऊबदार बाजूला, एक गार बाजूला, आणि दोन्ही सारख्या. एकच ठेवली तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक सोडावं लागतं. महागडी नकली गुहा घ्यायची गरज नाही. कुंभाराकडून पसरट मातीचं भांडं आणा, ते उपडं घाला, कडेला दार कापून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. दार इतकं मोठं हवं की पोटात उंदीर असतानाही तो अडकू नये. भांडं मात्र घट्ट हवं: वेटोळं घातल्यावर त्याच्या पाठीला छत टेकलं पाहिजे, बाजू टेकल्या पाहिजेत. माणसाला असं वाटतं की प्रशस्त जागा दिली म्हणजे लाड केले. अजगराला पाठीला काहीतरी लागल्याशिवाय झोप लागत नाही.

पाण्याचं भांडं जड, गार बाजूला. एक जाड फांदी आडवी, पक्की बसवलेली. वरून निसटून पडली तर खाली तोच असतो. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या वापरायचा मोह होईल, आपल्याकडे त्या फुकट मिळतात, पण त्यांतले खिळे आणि कुसळं पाहता त्या चुलीलाच बऱ्या. जखम भरली की कोकोपीट परत घालायला हरकत नाही, ते दमट राहतं. पाईन आणि देवदाराचा भुसा नको, त्यातलं सुवासिक तेल सापाला बाधतं. पेटी ज्या खोलीत आहे तिथे डांबरगोळ्या, कॉईल, झुरळांचा फवारा काही नको.

कातीचं उत्तर सोपं आहे. बल्बने हवा कोरडी केली, कात फाटली. दमटपणा 55 ते 65 टक्के हवा, कात टाकण्याच्या सुमारास थोडा जास्त. एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलसर मॉस (शेवाळ) भरा आणि तो ऊबदार बाजूच्या जवळ ठेवा. डोळ्यावर जुन्या कातीची काचेसारखी चकती राहिली असेल तर ती चिमट्याने ओढायला जाऊ नका.

न खाण्याची धास्ती मात्र थोडी कमी करा. बॉल पायथन हिवाळ्यात उपास धरतात, नर तर काही महिनेही. पाच आठवड्यांनी निरोगी मोठ्या अजगराला काही होत नाही. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर, डब्यात घालून वजन करा आणि वहीत लिहा. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर. पेटी लावून झाल्यावर आठवडाभर त्याला हात न लावता राहू द्या, मग उंदीर देऊन बघा.

आता भावाच्या गॅलरीबद्दल. काचेची टाकी उन्हात ठेवली की आतली हवा झपाट्याने तापते आणि पळायला गार बाजू उरत नाही. अजगराचा जीव जायला अर्धा तास पुरतो. डिसेंबरच्या उन्हातही नको.

आणि यातून मी मुद्दाम उन्हाळ्याकडे येतो, कारण नागपुरात साप पाळणाऱ्यांनी हिवाळ्याची काळजी करावी त्यापेक्षा जास्त मे महिन्याची करावी. 29 डिसेंबर 2018 ला नागपूर साडेतीन अंशांवर गेलं होतं हे खरं, पण तो एखादाच गारठा. उलट 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले, आणि 44-45 तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागण्याआधीच आपल्या पाठीवर असतात. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये अजगराची ऊब कशी वाढवायची एवढंच सांगतात. त्यांच्याकडे खोली 20 अंशांची असते. तुमची वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली दुपारी 38 ची असते. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. हवा पस्तिशीच्या वर फार वेळ राहिली की अजगराच्या जिवावर बेततं.

म्हणून पेटी तळमजल्यावर किंवा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीजवळ, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. एप्रिल लागला की हीटरचा प्लग काढूनच ठेवा. गंमत अशी की वाळ्याची ताटी लावलेल्या कूलरची खोली बॉल पायथनला फार मानवते: साधारण 28-30 अंश आणि भरपूर दमटपणा. झोत फक्त थेट पेटीवर नको. धोका आहे तो लाईन गेल्यावर, आणि त्याहून जास्त तुम्ही सगळे लग्नाला अमरावतीला गेल्यावर. घर बंद, कूलर बंद, पेटी आत. लग्नसराईत अजगराची जबाबदारी घेणारा शेजारी आधीच ठरवा. फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवा. गरज पडली की कापडात गुंडाळून गार बाजूला बाहेरून टेकवायच्या, वरच्या भोकांवर ओलं कापड अर्धंच टाकायचं. मृगाच्या सरी आल्या की कूलर निकामी होतो आणि पेटीत ओल साचते, तेव्हा पाण्याचं भांडं लहान करा आणि तळ कोरडा ठेवा, नाहीतर पोटाचे खवले सडायला लागतात.

राहिलं गोरेवाडा. अजगर सोडून यायचा नाही, कुठेच नाही. तो इथला नाही, जगण्याची शक्यता कमी, आणि जगलाच तर इथल्या सापांना नवे रोग देऊन जाईल. पण "भाऊ येईपर्यंत सांभाळायचा" हे तुमचं गृहीतही तपासा. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. भाऊ कधी येणार, येऊन तो नेणार का, हे त्याला सरळ विचारा. तीन वाटा दिसतात. भावाने तो बंगळुरूला न्यावा, ही सगळ्यात न्याय्य. तुम्हाला त्याचा लळा लागला असेल तर तुम्ही ठेवावा, पण मग पेटीचा खर्च भावाने द्यावा, हे माझं स्पष्ट मत. किंवा नोंदणी असलेल्या अनुभवी माणसाला द्यावा.

तिन्ही वाटांना कागद लागतात. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे, तो घरात ठेवणं गुन्हा. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये येतो, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करणं बंधनकारक आहे. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत होती, त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवस. हस्तांतर आणि मृत्यूही कळवावा लागतो. दुकानाचं बिल म्हणजे नोंदणी नव्हे. भावाने ती केली नसेल तर लपवत बसू नका; मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, स्वतःहून जाऊन पुढे काय करायचं ते विचारा.

भावाला आज फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा विचारा. त्याने परिवेशच्या नोंदीचा स्क्रीनशॉट पाठवेपर्यंत ऊब वाढवण्याबद्दलचे त्याचे सल्ले ऐकून घेण्याची तुम्हाला गरज नाही.